तंजावरचे पीक आणि मद्रासचे रोखे : राज्यकर्ज, खाजगी सावकार व भरपाईचे दावे (१७७३ ते १८३०)

प्रस्तावना :

राज्याने कर्ज काढावे, ते फेडता येऊ नये, मग त्या कर्जाची नव्याने मांडणी व्हावी आणि या मांडणीत ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी दाद मागत दारोदार फिरावे, हा प्रकार आधुनिक अर्थव्यवस्थेचा मानला जातो. वर्तमानपत्रांतून ग्रीस, अर्जेंटिना या देशांची नावे आपण वाचतो आणि हे दुखणे दूरचे आहे असे समजून पान उलटतो. प्रत्यक्षात अठराव्या शतकातील एका मराठी राज्याचा इतिहास या प्रकाराशी घट्ट बांधलेला आहे. कावेरीच्या खोऱ्यातील तंजावरच्या भोसल्यांचे राज्य ज्या कर्जासाठी गहाण पडले, ते कर्ज त्या राज्याने काढलेलेच नव्हते. तरीही त्या कर्जाचे रोखे हाती घेतलेले सावकार मद्रासपासून लंडनच्या पार्लमेंटपर्यंत साठ वर्षे दावे लढवीत राहिले. प्रस्तुत लेखात या दाव्यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला असून, त्याच अनुषंगाने पुणे व वऱ्हाड येथील दोन घटनांकडेही लक्ष वेधले आहे.

विषयनिवडीमागे एक घरगुती कारणही आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात वाढलेल्या आमच्या पिढीला 'पावती आहे पण पैसे नाहीत' हे वाक्य नवे नाही. एका बंद पडलेल्या पतसंस्थेच्या ठेवपावत्या माझ्या आजीने शेवटपर्यंत लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या होत्या. त्या कागदाची किंमत नेमकी कोण ठरवतो, हा तिचा प्रश्न होता. पुढे मद्रासच्या रोख्यांसंबंधी वाचन करताना तोच प्रश्न अधिक मोठ्या आकड्यांत समोर आला, एवढेच.

रोखा, वरात आणि तनखा :

मराठी सत्तेला कर्जाचे वावडे कधीच नव्हते. पहिल्या बाजीरावाला धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे देणे होते आणि बारामतीकर बाबूजी नाईक यांच्या तगाद्याने तो किती बेजार झाला होता हे सर्वश्रुत आहे. थोरल्या माधवरावाने १७७२ मध्ये मृत्यूपूर्वी करविलेल्या यादीत कर्जफेडीचे कलम आवर्जून घातले. सावकाराच्या हाती त्या काळी दोन साधने असत. पहिले साधन म्हणजे वसुलावरची वरात, म्हणजे अमुक परगण्याच्या वसुलातून अमुक रक्कम परस्पर घ्यावी असा हुकूम. दुसरे साधन तगाद्याचे. दारात धरणे धरून बसणे, ऋणकोला उपाशी ठेवून स्वतःही उपाशी राहणे, हे सारे त्यात येई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या तगाद्याची दखल घेतली आहे. या पद्धतीत एक गोष्ट महत्त्वाची होती. ऋणको राज्यकर्ता असला तरी तो डोळ्यांसमोर असे, आणि त्याची पत गेली तर पुढची मोहीम अडत असे.

कर्नाटकात वरातीला 'तनखा' हा शब्द रूढ होता. अर्काटचा नबाब महंमद अली वालाजाह याच्या तनखांनी मात्र हा व्यवहार वेगळ्याच वळणावर नेला. फ्रेंचांशी झालेल्या युद्धात कंपनीने त्याला गादीवर बसविले आणि त्या युद्धाचा खर्च त्याच्या माथी मारला. हा खर्च भागविण्यासाठी त्याने कर्ज घेतले ते मुख्यतः कंपनीच्याच नोकरांकडून. प्रारंभी शेकडा वीसपासून छत्तीसपर्यंत व्याज आकारले जात होते. १७६७ मध्ये जुन्या खतांची एकत्र बांधणी करून ते शेकडा १० वर आणण्यात आले. म्हणजे दिवसा कंपनीच्या कचेरीत बसून नबाबाकडे कंपनीच्या बाकीचा तगादा करणारा गृहस्थच संध्याकाळी त्याचा खाजगी सावकार असे. कंपनीची बाकी व स्वतःची बाकी यांपैकी कोणती आधी वसूल व्हावी, याबद्दल त्याच्या मनात फारशी शंका असण्याचे कारण नव्हते.

तंजावर गहाण पडले (१७७३ ते १७७६) :

नबाबाचा स्वतःचा मुलूख तनखांनी भरून गेल्यावर नव्या तारणाची गरज निर्माण झाली. शेजारी तंजावर होते. व्यंकोजी राजांनी १६७० च्या दशकात स्थापिलेले हे राज्य कावेरीच्या पाण्यावर दोन पिके घेणारे होते आणि नबाब त्याच्याकडे पेशकशीचा हक्क सांगत होता. १७७१ मध्ये नबाब व कंपनी यांच्या फौजा तंजावरवर चालून गेल्या. तुळजाजी राजांनी मोठी खंडणी कबूल करून तो प्रसंग टाळला, परंतु ही खंडणी भरण्यासाठी त्यांनाही जडजवाहीर व मुलूख गहाण ठेवावा लागला. नागपट्टणच्या डचांशी त्यांचे व्यवहार याच काळात वाढले. सप्टेंबर १७७३ मध्ये शहर पडले, राजे कुटुंबासह कैदेत गेले आणि राज्य नबाबाच्या ताब्यात आले. पुढची अडीच वर्षे तंजावरच्या शेतातील उभ्या पिकावर मद्रासमधील सावकारांच्या नावे तनखे निघत राहिले.

लंडनच्या संचालकांना हा प्रकार मान्य झाला नाही. त्यांनी लॉर्ड पिगॉट याला गव्हर्नर नेमून तुळजाजींना राज्य परत देण्याचा हुकूम दिला. एप्रिल १७७६ मध्ये पिगॉटने स्वतः तंजावरला जाऊन तो अमलात आणला. येथे पॉल बेनफिल्ड हे पात्र पुढे येते. कंपनीच्या नोकरीत बांधकामाचे काम पाहण्यासाठी मद्रासला आलेल्या या कनिष्ठ नोकराने असा दावा मांडला की, तंजावरच्या वसुलावर नबाबाने आपल्याला १ लाख ६२ हजार पौंडांचे तनखे दिले आहेत, शिवाय तेथील रयतेला व इतरांना आपण ७२ हजार पौंड कर्जाऊ दिले आहेत. तेव्हा राज्य कोणाचेही असो, पीक आपले आहे.

हा दावा हास्यास्पद वाटला तरी कायद्याच्या दृष्टीने त्यातील प्रश्न खरा होता. अडीच वर्षे ज्याचा प्रत्यक्ष अंमल होता त्या नबाबाने काढलेला तनखा, राज्य मूळ धन्याकडे परत गेल्यावर वैध राहतो काय? तुळजाजींचे उत्तर उघड होते. आपल्या कैदेच्या काळात दुसऱ्याने केलेल्या कर्जाशी आपला काय संबंध? मद्रासच्या कौन्सिलने आधी बेनफिल्डचा दावा अमान्य केला. काही दिवसांनी बहुमत फिरले. ते का फिरले, याचे उत्तर नबाबाच्या सावकारांच्या यादीतच सापडते. पिगॉटने विरोधी सभासदांना निलंबित केले. त्यावर २४ ऑगस्ट १७७६ रोजी बहुमताच्या बाजूने कर्नल स्टुअर्टने खुद्द गव्हर्नरलाच अटक केली. ११ मे १७७७ रोजी पिगॉट नजरकैदेतच मरण पावला. या कटातील चार सभासदांवर इंग्लंडमध्ये खटला चालला आणि १७८० मध्ये प्रत्येकी एक हजार पौंड दंड झाला. त्यांच्या दृष्टीने ही रक्कम किती किरकोळ होती हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्याकडील मराठ्यांच्या इतिहासग्रंथांत हे प्रकरण तंजावरच्या राजवंशाच्या हकिकतीत चार ओळींत आटोपते. माझ्या मते ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने वाचावयास हवे. एका राज्याचे स्वातंत्र्य हे दुसऱ्या राज्याच्या खाजगी कर्जाचे तारण ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळते.

१७८५ ची तडजोड :

पिगॉटच्या अटकेनंतर नबाबाचे कर्ज थांबले नाही, उलट वाढले. १७७७ मध्ये दोन नवी प्रकरणे उभी राहिली. त्यांपैकी घोडदळाचे कर्ज विशेष बोधक आहे. नबाबाला आपले घोडदळ कमी करावयाचे होते, पण चढलेला पगार चुकविल्याशिवाय शिपाई हलत नव्हते. तीन इंग्रज गृहस्थांनी हा पगार आपण देतो असे सांगून त्या बदल्यात वसुलाचे तनखे घेतले. रोख पैसा त्यांच्याजवळही नव्हता. त्यांनी काही महिन्यांच्या मुदतीचा वायदा केला. शिपायांचे पगार पुढेही थकले आणि त्यांनी बंड केले. सावकारांच्या नावे मात्र सुमारे १ लाख ६० हजार पौंडांचे कर्ज व त्यावरील व्याज लागू झाले. म्हणजे काही न देताच धनको होता येत होते. १७७७ चे दुसरे कर्ज सर्वांत मोठे, सुमारे २४ लाख पौंडांचे. यात कोणी किती खरे पैसे दिले याचा हिशेब कंपनीच्या दप्तरात नव्हता.

१७८१ मध्ये बंगालच्या सरकारपुढे एक तडजोड झाली होती. सावकारांनी मुद्दलाचा चौथा हिस्सा सोडण्याची तयारी दर्शविली होती. आजच्या अर्थकारणात याला 'कर्जकपात' म्हणतात. धनको स्वखुशीने चौथाई सोडतो तेव्हा, संपूर्ण रकमेवर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो, असे समजावयास हरकत नाही. पुढे १७८४ मध्ये पिटचा कायदा झाला. या कायद्यात नबाबाच्या कर्जांची चौकशी करण्याची तरतूद होती आणि कंपनीचे संचालक चौकशीस तयारही होते. परंतु नव्या नियामक मंडळावरील हेन्री डंडासने चौकशी बाजूला ठेवून तिन्ही कर्जे जशीच्या तशी मान्य केली. १७७७ च्या कर्जावर १७८१ पर्यंत शेकडा १२ व त्यानंतर शेकडा ६ व्याज धरण्यात आले. यासाठी कर्नाटकच्या वसुलातून दरवर्षी १२ लाख होन, म्हणजे ४ लाख ८० हजार पौंड, बाजूला काढावयाचे ठरले. सावकारांनी जे सोडले होते तेही त्यांना परत मिळाले.

२८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने कॉमन्स सभेत या निर्णयाविरुद्ध जे भाषण केले ते वक्तृत्वासाठी इंग्रजीच्या वर्गांत अधूनमधून वाचले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते आकड्यांसाठी वाचावे. बर्कचा मुख्य आरोप असा की, हे धनको आता पार्लमेंटमध्येच बसलेले आहेत आणि निवडणुकीतील मदतीची परतफेड भारतातील रयतेच्या वसुलातून होत आहे. ठराव अर्थातच फेटाळला गेला. बर्कची एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. त्याच्या संतापात सर्व धनको एकाच माळेचे मणी ठरतात. वस्तुतः या रोख्यांमागे ज्यांनी खरोखर पैसा दिला असे मद्रासचे व्यापारी, दुभाषी, एतद्देशीय सराफ आणि लष्करी नोकर यांचाही पैसा होता. बेनफिल्डसारखे लोक पुष्कळदा दुसऱ्यांच्याच पैशावर सावकारी करीत. बड्या धनकोला पार्लमेंटमध्ये वजन होते, म्हणून त्याचे पैसे सुटले. लहान धनको त्याच्या सावलीत उभा होता.

१८०५ चा करारनामा :

१८०१ मध्ये कंपनीने कर्नाटक खालसा केला. नबाबाच्या नावे १७८५ नंतरही खते होतच होती. आता ऋणको नाहीसा झाला आणि त्याचा वसूल कंपनीकडे आला. वसूल घेणाऱ्याने देणेही घ्यावे काय, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. जुलै १८०५ मध्ये कंपनी व खाजगी धनको यांच्यात करारनामा झाला. दरवर्षी ३ लाख ४० हजार होनांचा निधी कंपनीने बाजूला काढावा, लंडन व मद्रास येथे आयुक्त नेमावेत, प्रत्येक खताची तपासणी व्हावी आणि आयुक्तांचा निर्णय धनकोंवर बंधनकारक असावा, असे त्याचे स्वरूप होते. १७८५ मध्ये जे झाले नाही ते वीस वर्षांनी झाले.

चौकशी सुरू होताच दाव्यांचा पूर आला. खोट्या खतांचे जणू कारखानेच निघाले. नबाबाच्या दप्तरात काम केलेली माणसे हयात होती, शिक्के उपलब्ध होते आणि खरे-खोटे सांगणारा धनी उरला नव्हता. १८०८ च्या सुमारास बनावट खतांवरून मद्रासच्या न्यायालयात गाजलेले खटले चालले व त्यात सरकार, आयुक्त आणि धनको यांच्यात तट पडले. हे काम १८३० पर्यंत लांबले. शेवटी जो हिशेब निघाला तो पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. एकूण दावे सुमारे ३ कोटी ४ लाख पौंडांचे. त्यांतील मान्य झाले सुमारे २६ लाख ८६ हजार पौंडांचे. म्हणजे अकरा पौंडांच्या मागणीतील एक पौंडही पुरता मान्य झाला नाही. हा आकडा समोर ठेवून १७८५ च्या निर्णयाकडे पाहिले म्हणजे, चौकशीविना मान्य झालेल्या त्या जुन्या कर्जात किती पाणी असेल याची कल्पना येते. ती रक्कम तर केव्हाच पोहोचती झाली होती.

अमरसिंहाचे सावकार :

तंजावरच्या गादीलाही अशीच चौकशी चुकली नाही. तुळजाजी १७८७ मध्ये वारले. त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी यांना डावलून सावत्रबंधू अमरसिंह गादीवर आले. राजे बदलले तरी देणे तेच राहिले. कंपनीच्या फौजेचा खर्च, नबाबाची पेशकश आणि जुनी बाकी यांचे ओझे इतके होते की, अमरसिंहांच्या कारकिर्दीत वसूल येण्यापूर्वीच खर्ची पडत होता. तूट भरून काढली ती खाजगी सावकारांनी. १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंहांना दूर करून सरफोजींना गादी दिली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलकी कारभार आपल्याकडे घेऊन त्यांना १ लाख होन व वसुलाचा पाचवा हिस्सा तोडून दिला. अमरसिंह मध्यार्जुन येथे पेन्शनीवर राहिले आणि १८०२ मध्ये तेथेच वारले.

त्यांच्या धनकोंची स्थिती चमत्कारिक झाली. राजा हयात होता, पण त्याच्याकडे वसूल नव्हता. ज्याच्याकडे गादी होती त्या सरफोजींकडे सत्ता नव्हती. वसूल व सत्ता दोन्ही ज्या कंपनीकडे होती तिने कर्ज घेतलेले नव्हते. पंचवीस वर्षे हे धनको वाट पाहत राहिले. ११ फेब्रुवारी १८२४ रोजी अर्काटच्या धर्तीवर 'तंजावरचे माजी राजे अमरसिंह यांचे खाजगी धनको' आणि कंपनी यांच्यात करार झाला, आयुक्त नेमले गेले व त्यांचे अहवाल पार्लमेंटपुढे ठेवले जाऊ लागले. तंजावरच्या मराठी दरबारात घेतलेल्या उसनवारीची तपासणी लंडनमध्ये, इंग्रजीत, पुरावा देणाऱ्यांपैकी अनेकजण मेल्यानंतर व्हावी, यात न्याय किती आणि विलंब किती हे वाचकांनीच ठरवावे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. या धनकोंना निदान ऐकणारे कोणीतरी मिळाले.

पुणे आणि वऱ्हाड :

पुण्यात तेही घडले नाही. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात एल्फिन्स्टनने वतने, इनामे, वर्षासने चालू ठेवण्याची हमी दिली. जमिनीशी निगडित हक्कांना तीमुळे आधार मिळाला. पेशव्याच्या सावकारांना तसे काही सांगता येण्यासारखे नव्हते. याच वर्षी रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांचे प्रकरण घडले. रायगड मे महिन्यात शरण आला. औटी पुण्यास परतल्यावर जुलैमध्ये कलेक्टर रॉबर्टसन याने त्यांना ताब्यात घेऊन त्यांच्या घरातील खजिना, तो पेशव्याचा आहे असे सांगून, जप्त केला. खजिना खाजगी की सरकारी, हा वाद होता. औटींच्या पश्चात त्यांच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांच्याविरुद्ध दावा लावला आणि तो जिंकला. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. युद्ध पूर्णपणे संपलेले नव्हते, जप्ती ही शत्रूकडून केलेली जप्ती होती आणि अशा कृत्याची चौकशी दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे त्यांनी ठरविले. ज्या वर्षी अर्काटच्या धनकोंचा हिशेब पूर्ण होत आला त्याच वर्षी पुण्याच्या वारसांना दार बंद झाले. पुढे 'राज्यकृत्य' म्हणून जे तत्त्व रूढ झाले त्याच्या पायाभरणीत हा निकाल मोडतो. १८५९ मध्ये तंजावरच्या राणी कामाक्षीबाई यांनी खाजगी मालमत्तेसाठी लावलेल्या दाव्यातही प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व पुढे केले.

वऱ्हाडची हकिकत थोडक्यात सांगतो. ठाणे भागातील तारापूरच्या मेहेरजी घराण्यातील पेस्तनजी व विकाजी या पारशी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याचा व्यापार उभारला. निजाम सरकारला त्यांनी मोठी कर्जे दिली आणि वऱ्हाडातील परगणे तारण घेतले. औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेला त्यांचा 'पेस्तनशाही' रुपया नाणेसंग्राहकांना परिचित आहे. १८४५ मध्ये निजाम सरकारने परगणे काढून घेतले आणि पेढी बुडाली. हा पैसा मुख्यतः इंग्रजांच्या देखरेखीखालील कंटिंजंट फौजेच्या पगारावर गेला, म्हणून इंग्रज सरकारनेच आपली दाद घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. १८५३ मध्ये त्याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, मात्र पेस्तनजींच्या कर्जाचा बोजा इंग्रज सरकारने स्वतःवर घेतला नाही. एकच मुलूख, एकच फौज, दोन धनको. ज्याच्याजवळ सैन्य होते त्याला तारण मिळाले.

अलीकडचे एक उदाहरण :

मार्च २०१२ मध्ये ग्रीसने आपल्या कर्जरोख्यांची पुनर्रचना केली. खाजगी रोखेधारकांच्या दर्शनी रकमेत ५३.५ टक्के कपात झाली. बहुमताने घेतलेला निर्णय अल्पमतातील धारकांवरही बंधनकारक व्हावा, असा कायदा त्याआधी काही दिवस करण्यात आला होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेजवळील रोखे मात्र वेगळ्या अदलाबदलीने या कपातीतून वगळले गेले. दोनशेहून अधिक इटालियन नागरिकांनी बँकेविरुद्ध १ कोटी २० लाख युरोंहून अधिक भरपाईचा दावा लावला. समान धनकोंना असमान वागणूक मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने दावा फेटाळला. सार्वजनिक हितासाठी काम करणारी मध्यवर्ती बँक आणि नफ्यासाठी रोखे घेणारा खाजगी गुंतवणूकदार यांची स्थिती समान नाही, आणि राज्याचे रोखे घेणाऱ्याने बुडण्याची जोखीम गृहीत धरलेली असते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

१८०५ च्या करारनाम्याशी याची तुलना करताना एक फरक जाणवतो. तेथे आयुक्तांनी 'तू खरोखर पैसे दिलेस काय?' हा प्रश्न प्रत्येक धनकोला विचारला. लक्झेंबर्गला तो विचारण्याची गरज नव्हती, कारण तेथे पैसे सर्वांनीच दिले होते. प्रश्न फक्त रांगेत कोण कोठे उभा आहे, हा होता. डंडासने १७८५ मध्ये चौकशीविना ठरविली तीही हीच रांग होती.

पार्लमेंटपुढे आलेल्या अर्काट व तंजावरच्या अहवालांत मराठी व तमिळ सावकारांची नावे इंग्रजी लेखनाने इतकी बदललेली आहेत की, कित्येक ठिकाणी मूळ आडनाव ओळखणे कठीण जाते. या व्यवहाराची दरबारी बाजू तंजावरच्या मोडी कागदांत शोधावी लागेल. हे कागद देवनागरीत आणण्याचे काम मोडीचे वर्ग चालविणाऱ्या आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी वाटून घेतल्यास, अमरसिंहांच्या एखाद्या सावकाराची मूळ खतावणी आणि लंडनच्या आयुक्तांनी मान्य केलेली त्याची रक्कम एकाच पानावर ताडून पाहता येईल.